उतार

लकवा मारल्यानंतर माझ्या लहान भावाच्या तोंडून पहिला धड शब्द निघाला तो "पाणी". त्याच्या बायकोनं धावत पेला भरून आणला. त्यानं उजव्या हातानं पेला ढकलून दिला, अर्धं पाणी गादीवर सांडलं, आणि पुन्हा म्हणाला, "पाणी." ती बिचारी रडकुंडीला आली. तिला वाटलं, डोक्यावरही परिणाम झाला. मी दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो. मला समजलं. त्याला पहिल्यांदा पाण्यात मीच ढकललं होतं, मला नाही समजणार तर कोणाला समजणार?

"पेयाचं नाही मागत तो," मी म्हटलं. "पोहाचं मागून राहिला."

भाऊ हसला. अर्धाच हसला, कारण डावीकडचं तोंड त्याच्या ताब्यात नव्हतं.

त्याची बायको माझ्याशी थेट बोलत नसे. मी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, आणि आमच्याकडच्या जुन्या वळणाच्या बाया भासऱ्यासमोर पदर घेतात, तोंडावर बोलत नाहीत. जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये तिची उमर गेली, गॅस आला, फ्रीज आला, पोरं शिकून पुण्याला गेली, रिटायरमेंटनंतर वसाहतीच्या बाहेर स्वतःचं घर झालं, पण ही रीत तिनं सोडली नाही. मला काही सांगायचं असलं की ती भिंतीला सांगायची. त्या दिवशीही भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "डॉक्टरनं चालाले सांगतलं हाये, पोहाले नाही. पण काही लोकायले वाटते का आपण अजून जवानच हाओ."

काही लोक म्हणजे मी.

मी खिडकीला म्हटलं, "चालते कोठं तो? खाटेवरून उठाले तयार नाही. मंग कायच्यानं उठन?"

गोष्ट खरी होती. डॉक्टरांचं म्हणणं असं की यानं मनावर घेतलं तर पाय पुन्हा चालेल, नाही घेतलं तर हा खाटेवरच राहील. आणि मन तर त्याचं कशातच नव्हतं. मालिश करणारा आला की डोळे मिटून घ्यायचा. पोरांचा फोन आला की मान फिरवायचा. त्याची बायको त्याला धरून उभं करायची आणि तो मुद्दाम अंग सोडून द्यायचा, ओल्या पोत्यासारखा. आता त्यानं स्वतः होऊन काही मागितलं होतं. ते जर आपण दिलं नाही, तर तो पुन्हा काही मागणार नाही, याची मला खात्री होती.

"नेतो," मी त्याला म्हटलं. "माह्या जागा हायेत."

माझ्या जागा, हे मी उगाच म्हणत नाही. तुमसरच्या राइस मिलमध्ये मी हमाली केली. मिलच्या ट्रकवर गावोगाव धान भरायला जायचं, पार लाखांदूरपर्यंत. ज्यानं धानाचं पोतं पाठीवर घेतलं नाही त्याला ती खाज सांगून समजणार नाही. कुसळ मानेत शिरते, काखेत शिरते, घाम आला की अंगाला आग लागते. घरी जाऊन बादलीभर पाण्यानं ती जात नाही. त्याला डोह पाहिजे, वाहतं पाणी पाहिजे, आणि पाण्यात डोकं बुडवून उलटंपालटं होता आलं पाहिजे. म्हणून गाडी भरली की मी ड्रायव्हरला सांगायचो, "थोडा थांब," आणि पाणी शोधायला निघायचो. बाकीचे हमाल बिडी ओढत बसायचे.

मी पाणी कोणाला विचारत नसे. झाडं पाहायचो. शेतातून जाणारा नाला दूरवर कुठं कहूच्या, म्हणजे अर्जुनाच्या, झाडांत शिरलेला दिसला, पांढरी खोडं एका रांगेत दिसली, की तिथं पाणी थांबलेलं आहे हे समजायचं. म्हशी कुठून ओल्या येऊन राहिल्या ते पाहायचो. खंड्या कोणत्या फांदीवर बसला ते पाहायचो. असे मी किती डोह काढले त्याची गिनती नाही. एकात तळाचे गोटे दिसत. एकाच्या काठावर जांभळाचं झाड इतकं वाकलं होतं की जांभळं थेट पाण्यात पडायची आणि आपण पोहत पोहत खायची. एका जागी खडकाच्या पोटातून झिरा यायचा, भर उन्हाळ्यात तिथं छातीला गारवा लागायचा. जिल्हा फुटला आणि गोंदिया वेगळा झाला तेव्हा माझ्या बऱ्याच जागा पलीकडं गेल्या. आमच्या गाडीवरचा एक हमाल मला म्हणाला होता, "आता तिकडच्या डोहात पोहाले पासपोट काढा लागते बे तुले!" मी तिकडंही पोहून आलो. पाण्याला काही समजलं नाही.

विचारत का नव्हतो, तेही सांगतो. आमच्या गावच्या तलावाला दगडी पायऱ्यांचा घाट होता. आम्ही त्या घाटावर जायचं नाही, पलीकडच्या टोकाला जिथं ढोरं बसत तिथं जायचं. आमचे वडील छप्पन साली बौद्ध झाले, घरातले देव त्यांनी नदीत सोडले. पण घाटाला ते कळायला लय वर्षं लागली. लहानपणी मी एकदा घाटावरच्या माणसाला विचारलं, "इथं पाणी किती हाये जी?" तो म्हणाला, "तू कोणाचा बे?" पाणी किती ते त्यानं सांगितलंच नाही. तिसरी झाल्यावर शाळा सुटली तेव्हा मी बरंच काही विसरलो, पण ते विसरलो नाही. पाण्याबद्दल माणसाला विचारायचं नाही, असं तेव्हाच ठरवलं. भावालाही मी पोहायला शिकवलं ते ढोरांच्या टोकाला. आधी उताणं पडून राहायला शिकवलं, कान पाण्यात, पोट वर, हातपाय ढिले. आम्ही त्याला 'मुडदा' म्हणायचो. "मुडदा बुडत नाही," मी त्याला सांगायचो, "जिता बुडते."

तर मी एक ऑटो ठरवला. ऑटोवाला बोलका होता. भावाला मागं बसवताना म्हणाला, "कोठं दवाखान्यात का, काकाजी?"

"पोहाले."

त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग भावाच्या लोंबणाऱ्या हाताकडं. "बरं बापा," म्हणाला. "माह्या गाडीले त चाकंच हायेत. नाव नाही."

भावाची बायको दारात उभी होती. तिला मी सांगितलं होतं की मोकळ्या हवेत फिरवून आणतो. पण माझ्या पिशवीत टॉवेल होता आणि टॉवेलाचा कोपरा बाहेर दिसत होता. ती दाराच्या चौकटीला म्हणाली, "जेवाच्या आंधी घरी पायजे."

पहिल्या जागी गेलो. तो नाला होता तिथं आता खड्डे होते. रेती उपसून नेली होती आणि कहूची मुळं हवेत लोंबत होती. एका खड्ड्यात हिरवं पाणी आणि त्यात एक चप्पल. भाऊ ऑटोतून पाहत होता. मी म्हटलं, "ही जागा आपली नव्हेच. दुसरीकडं होती." ती आपलीच होती.

दुसऱ्या जागी पाणी होतं, पण दिसत नव्हतं. काठापासून काठापर्यंत जलपर्णी पसरली होती. वास येऊन राहिला होता. ऑटोवाला नाकाला रुमाल लावून म्हणाला, "काकाजी, कोणाले इचारून घ्या न. येथच्या लोकायले माहीत रायते."

"मले माहीत हाये," मी म्हटलं.

"दिसूनच राहिलं ते," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली.

 भावाचा चेहरा खाटेवर असायचा तसाच होत चालला होता. मग मी ती जागा काढली जी सगळ्यात शेवटी दाखवायची म्हणून ठेवली होती. पवनीच्या रस्त्यानं जाताना वैनगंगेला एक उतार होता. उतार म्हणजे नदीतली अशी जागा जिथं पात्र रुंद पसरतं आणि गाडीबैल पलीकडं जातात. पाणी गुडघ्याएवढं, खाली सपाट खडक, खडकावर पाणी काचेसारखं. उताराला लागूनच खालच्या अंगाला डोह. लहानाला खडकावर बसवायचं आणि मोठ्यानं डोहात उडी मारायची, अशी ती जागा. भावासाठी याहून चांगली जागा दुनियेत नव्हती. तिकडं जाऊन मला बरीच वर्षं झाली होती. खाली कुठंतरी धरण झालं, गावं उठली, हे मी ऐकून होतो. पण धरण खाली, उतार वर, असा माझा हिशेब.

बैलगाडीची जुनी वाट नदीकडं जात होती तशीच होती. चिंच ओळखीची होती, पण ती अगदी पाण्याला आली होती. पाणी लय रुंद दिसत होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. उतारावर पाणी रुंदच असते, पसरते म्हणूनच तर ते उथळ असते. हे मला लहानपणापासून ठाऊक. काठावर एक बाई धुणं धूत होती. मी तिला काही विचारणार नव्हतो, पण ऑटोवाल्यानं आवाज दिलाच, "बाई, येथी उतार हाये का?"

"हो जी, हाच उतार," ती मान वर न करता म्हणाली.

"पाह्य," मी ऑटोवाल्याला म्हटलं. "सांगतलं होतं का नाही?"

मी बनियनवर झालो. भावाचा शर्ट काढला. त्याचा डावा खांदा किती उतरला होता ते मी तेव्हा पाहिलं. त्याला कमरेत धरून गाडीवाटेनं पाण्यात उतरवलं. आधी घोटे बुडाले. त्यानं "अं" केलं, आनंदाचं. मग गुडघे. आता सपाट खडक लागेल, असं मी पायानं चाचपत होतो. लागला तो गाळ. वाट खालीच जात होती. आणखी एक पाऊल टाकलं, तिथंही वाट खालीच. मग पाय सरकला, आणि पुढं काहीच नव्हतं.

पाण्यात जन्म काढलेला माणूस मी. पण अवचित तोंडात पाणी गेलं आणि छातीनं दगा दिला. धानाची धूळ वर्षानुवर्षं जिथं बसली त्या छातीत दम राहिला नाही. मी भावाचा हात सोडला की त्यानं माझा, ते मला आजही सांगता येत नाही. वर आलो तेव्हा तो दिसला नाही, आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते ऑटोवाल्यानं नंतर सांगितलं. मी त्याचं लहानपणचं लाडाचं नाव ओरडत होतो, जे त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं.

तो माझ्या मागं होता. उताणा पडला होता. कान पाण्यात, पोट वर. डावा हात, डावा पाय, सगळं ढिलं. ते ढिलं करायची त्याला गरजच नव्हती. मुडदा. उजव्या हातानं त्यानं माझा बनियन मागून धरला आणि मला स्वतःकडं ओढलं. तो आभाळाकडं पाहून हसत होता. या खेपेला मला ते अर्धं हसणं वाटलं नाही.

बाईनं हातातलं लुगडं फेकलं. ऑटोवाल्यानं आम्हाला ओढून काढलं. काठावर मी खोकत बसलो आणि बाई कमरेवर हात ठेवून मला बोलू लागली.

"मराले आले होते का जी? येथी दोन पुरुस पाणी हाये!"

दोन पुरुस म्हणजे एकावर एक दोन माणसं उभी केली तरी वरच्याचं डोकं बुडेल.

"तूच तं म्हनली उतार हाये!" ऑटोवाला तिच्यावर चढला.

"उतारच हाये हा. माहं लगन होऊन आलो तईपासून उतारच म्हनतेत. धरणाचं पाणी थोपलं तं नाव बदलते का? तुमी उतार हाये का ते इचारलं. पाणी किती ते कोठं इचारलं?"

ऑटोवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मला अजून दम लागला होता. चूक झाली असं मी आजही म्हणत नाही. जो शब्द मला आईबापानं शिकवला त्याचा मी तोच अर्थ घेतला. पाणी वाढलं आणि शब्द तिथंच राहिला, तर त्यात माझा काय दोष?

घरी पोहोचलो तेव्हा भावाच्या बायकोनं ओले कपडे पाहिले, माझ्या दाढीतला गाळ पाहिला. तिनं भिंतीकडं तोंड केलं नाही. पदर खांद्यावर पडला होता, तोही सावरला नाही. थेट माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "पाण्यात शिराले येते तुमाले. इचाराले नाही येत." एवढ्या वर्षांत ती माझ्याशी बोलली ते हे. मला कोणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं.

रात्रीपासून भावाला ताप भरला. पाणी छातीत गेलं होतं. दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथं मी बाहेर बाकड्यावर बसून राहायचो. ती आत जायची, बाहेर यायची, माझ्यासमोर डबा ठेवायची आणि निघून जायची. भिंतीशीही बोलत नव्हती. याच्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी एकच विचार करत होतो. हा गेला तर मी नेलं म्हणून गेला, आणि राहिला तर पुन्हा खाटेवर.

ताप उतरला. घरी आणलं. आणि एके दिवशी मालिशवाला आला तेव्हा भावानं डोळे मिटले नाहीत. पाय स्वतःहून पुढं केला. मालिशवाला गेल्यावर म्हणाला, "पाणी."

आम्ही दोघांनी ऐकलं. तिनं पेला आणला नाही. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग मला म्हणाली, "जागा पाहा. इचारून. मी येतो संगं."

इतक्या वर्षांनी मी विचारायला निघालो. साकोलीच्या रस्त्याला एका गावचा जुना तलाव आहे, त्याला दगडी घाट आहे. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एक म्हातारा बसला होता, माझ्याच वयाचा. मी सायकल टेकवली. आधी पायऱ्या मोजल्या. शेवटी म्हटलं, "घाटावर पाणी किती हाये जी?"

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कोणाकडचे जी तुमी?"

तेच. केस पांढरे झाले तरी तेच. मी सायकलीवर हात घट्ट केला आणि सगळं सांगून टाकलं, गाव, वडील, आम्ही कोण ते. न विचारलेलंही सांगितलं, जरा आवाज चढवूनच सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याच्या मनात काय होतं ते मला समजलं नाही आणि मी समजून घ्यायलाही थांबलो नाही. तो एवढंच म्हणाला, "शेवटच्या पायरीवर कमरभर. तिच्या खाली गाळ हाये, तिथं जाऊ नका. मासे धराचे हायेत का?"

"भावाले पोहवाचं हाये."

"मंग सकाळी आणा. दुपारी पायऱ्या तापतेत."

सकाळी गेलो. तोच ऑटोवाला. त्याला हसू येत होतं, पण तिच्याकडं पाहून त्यानं तोंड बंद ठेवलं. तिनं कपडे वाळवायचा नायलॉनचा दोर सोबत आणला होता. तो भावाच्या कमरेला तिनं स्वतः बांधला आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळून वरच्या पायरीवर बसली. ना त्याच्यावर भरोसा, ना माझ्यावर.

मी त्याला एकेक पायरी उतरवलं. शेवटच्या पायरीवर पाणी कमरेला लागलं, म्हाताऱ्यानं सांगितलं होतं तेवढंच. भाऊ तिथं बसला. पाणी गळ्याशी आलं. ज्या घाटावर आम्हाला पाय ठेवता आला नाही तसल्याच घाटावर तो बसला होता, आणि मला वाटलं होतं की मला काहीतरी मोठं वाटेल. काही वाटलं नाही. मी त्याच्या तोंडाकडं पाहत होतो. त्या दिवशी नदीत ते जे हसू होतं, ते आलं नाही. तो दवाखान्यात बसावा तसा बसला होता. कमरेचा दोर ताणलेला होता, पाठ टेकायला जागा नव्हती, उताणं होता येत नव्हतं.  मग तो उजव्या हातानं पाणी चापटत म्हणाला, "दादा. खोल?"

मी काय सांगणार? खोलात मीच त्याला नेलं होतं आणि खोलातून त्यानंच मला काढलं होतं. माझी छाती नुसतं उभं राहूनही धडधडत होती. हो म्हणावं तर भीती, नाही म्हणावं तर तो पुन्हा डोळे मिटून घेईल. मी आयुष्यात पहिल्यांदा वर पाहिलं, तिच्याकडं, आणि विचारलं, "काय करू, बाई?"

तिनं मनगटाकडं पाहिलं. दोराचा वळ तिथं उमटला होता. मग तिनं एक वेढा सोडवला, आणखी एक सोडवला, आणि दोर सैल झाला.

"एक वाव," ती मला म्हणाली, म्हणजे दोन्ही हात पसरले की होतो तेवढाच दोर. "त्याच्या वरते नाही."

भावानं डोकं मागं टाकलं. मी त्याच्या पाठीखाली हात घातला आणि पायानं तळ चाचपत उभा राहिलो.